बाबांच्या वाटची कोनपिरा यात्रा

जपानमधल्या कोनपिराला जायचंच, हे माझ्या नवऱ्याने, मिहीरने ठरवलं होतं. तो मरीन इंजिनिअर, आणि कोनपिरा म्हणजे दर्यावर्द्यांची काळजी घेणारा देव! तिकिटं तिघांची काढली, अन् ऐन वेळी साहेबांना जहाजावरून बोलावणं. आमची नऊ वर्षांची सई अशी रुसली की त्याच्या फोनवर येईना. शेवटी सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही दोघीच निघालो.

चांगीहून विमानाने ओसाका, बुलेट ट्रेनने ओकायामा, मग गाडी बदलून समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून कोतोहिरा. मी खिडकीला नाक लावून "अगं बघ, बघ!" सई ढिम्म. स्टेशनजवळ जाडजूड ऊडोन नूडल्स खाल्ल्या, आपल्या सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याइतक्या स्वस्त. शाकाहाऱ्यांनो, रस्सा माशाचा असतो बरं का!

मग सातशेच्या वर पायऱ्या. पायथ्याच्या दुकानात बांबूची काठी मिळते, लाजू नका, घ्या. वाटेत जहाजाचं भलंमोठं सोनेरी प्रोपेलर, देवाला वाहिलेलं! मी तर ओरडलेच.

तिथेच गळ्यात पिशवी बांधलेल्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याची गोष्ट मी सईला सांगितली. पूर्वी ज्यांना यायला जमायचं नाही, ते आपलं कुत्रं पाठवायचे. पिशवीत धन्याचं नाव आणि वाटखर्च. वाटसरू त्याला खाऊ घालत इथवर आणायचे.

सई थबकली. "म्हणजे ओनर आला नाही, तरी काउंट होतं?"

"होतं तर! यात्रा धन्याच्याच नावावर."

"देन आय ॲम बाबाज डॉग, लाह!" म्हणत काठी माझ्या हातात कोंबून पोरगी जी सुटली! मी आपली धापा टाकत मागे.

वर पाण्याने हात धुवायचे, चूळ भरायची. देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. सईने टाळ्या वाजवून बाबांचं पूर्ण नाव खणखणीत सांगितलं. मला भरूनच आलं. बाबांसाठी छोट्या पिवळ्या पिशवीसारखा ताईत घेतला, तो तिने स्वतःच्या गळ्यात अडकवला.

परतलो, आणि काही दिवसांत मिहीरचं जहाज इंधन भरायला सिंगापूरलाच! नांगर मरीन परेड भागासमोर समुद्रात, पण त्याला उतरायची परवानगी नाही. आम्ही किनाऱ्यावर धावलो. समोर जहाजांची ही रांग, त्यातलं त्याचं कुठलं कोण जाणे. फोन वाजला. सईने माझ्या हातातून हिसकावला.

"भू! भू!"

"कोण? सई?"

"तुला जमलं नाही ना, बाबा? मी जाऊन आले. तुझ्या नावावर."

पलीकडे मिहीर हसला, आणि मग त्याने तिला सगळी यात्रा पहिल्या पायरीपासून सांगायला लावली.

ताईत जहाज कंपनीच्या एजंटच्या बोटीने जहाजावर पाठवू का, मी विचारलं. सईने गळ्यावर हात घट्ट धरला. ती पिशवी म्हणे धन्यानेच सोडायची असते, घरी येऊन.