शोभाचं वजन आणि माझी इस्तरी

माझ्या बायकोचं वजन वाढलंय, ही गोष्ट अख्ख्या पुसेगावात फक्त मला ठाऊक होती. बायकोलासुद्धा नाही!

कारण मी लेडीज टेलर. ब्लाऊज शिवताना आम्ही शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग भरलं तर शिवण उसवून ब्लाऊज ढिला करता येतो. एके दिवशी शोभा तोंड पाडून म्हणाली, "अहो, हा ब्लाऊज दंडात रुतून राहिला. मी जाड झाले का?"

"छे! धुऊन आटला असंल. दे, इस्तरी करून आणतो."

दुकानात नेऊन मी तो गुपचूप उसवला. मग दुसरा. मग पेटीतले सगळेच. "आमचे हे माझ्या ब्लाऊजला इस्तरी करून देतात," असं शोभा गल्लीभर सांगत सुटली. (गल्लीतल्या नवऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं!)

शोभाला लग्नाआधीपासून फिट यायच्या. गोळी सुरू झाली आणि त्या थांबल्या. तेव्हापासून त्या गोळीच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला भीत नाही. लग्नाच्या पंगतीत, चारचौघांत, पर्समधून पाकीट काढून गोळी घेते. कुणी बघत राहिलं की म्हणते, "मला फिट येतात, मावशी. तुमाला बीपी हाय ना, तसंच हे." तिच्या जागी मी असतो तर पत्रावळीखाली लपलो असतो!

अशी ही वाघीण हळूहळू पेंगायला लागली. भर मे महिन्यात शाल पांघरून बसायची. भाकरी थापता थापता डुलकी. "अंगात जीवच न्हाई. वय झालं," म्हणायची. मीही मान डोलवायचो आणि पुढचा ब्लाऊज उसवायला घ्यायचो.

मग फिटच्या तपासणीला आम्ही हिंगोलीला गेलो. डॉक्टर मॅडमनी तिला काट्यावर उभं केलं.

"शोभाताई, वजन बरंच वाढलंय."

"काटा बिघडला तुमचा."

"नवा आहे हो."

"नवा असू द्या! माझा नवरा टेलर हाय. जुने ब्लाऊज मला अजून बराबर बसतात. काटा खोटं बोलंल, ब्लाऊज न्हाई बोलत!"

ती इतक्या ठामपणे बोलली की मॅडमनी स्वतः काट्यावर चढून पाहिलं! मग नर्सला चढवलं.

"थकवा वगैरे?"

"काई न्हाई. मी ठणठणीत."

मॅडम "बरं" म्हणून जुन्याच गोळ्या पुन्हा लिहायला लागल्या. आता गप्प बसलो तर ही अशीच शालीत मिटत जाणार, आणि तिला मिटवणारा हात माझा. मला रडूच फुटायला आलं.

"मॅडम," मी म्हणालो, "ब्लाऊजच खोटं बोलून राहिले. मीच ते उसवून ढिले करतो."

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट पुढे सरकले. मॅडमनी शोभाच्या बाहीची शिवण उलटून पाहिली. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा लागल्या होत्या.

"अजून किती ढिला होईल हा?"

"आता न्हाई होत. माया संपली, मॅडम."

रक्त तपासलं. थायरॉइड कमी भरलं. मॅडमनी समजावून सांगितलं, की फिटच्या काही गोळ्यांनी शरीरातलं थायरॉइडचं हार्मोन लवकर खर्ची पडतं. सगळ्यांचं होतं असं नाही, पण काहींचं होतं, म्हणून अधूनमधून तपासायचं. सगळं वजन काही थायरॉइडचं नसतं, हेही सांगितलं.

मला एवढंच ऐकू आलं, की गोळी गुन्हेगार! मी ताडकन उठलो. "मग बंद करा ती गोळी! आजपासून!"

"खाली बसा," शोभा म्हणाली. "जाड झाले तर तुमी ब्लाऊज ढिला कराल. फिट येऊन चुलीवर पडले तर काय ढिलं करणार हाव?"

मॅडम म्हणाल्या, "मी हेच सांगणार होते, पण इतकं चांगलं जमलं नसतं." फिटची गोळी तशीच ठेवून त्यांनी थायरॉइडची एक बारीक गोळी वाढवली, सकाळी उपाशीपोटी. माझी छाती अभिमानाने फुगली. (डोकं खाली होतं ते सोडा!)

परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. वाटेतलं नर्सी गाव मागे पडल्यावर एकच शब्द बोलली.

"इस्तरी!"

काही महिन्यांत शाल ट्रंकेत गेली. शोभा माझ्याआधी उठायला लागली, माझ्यापेक्षा जोरात भांडायला लागली. फिट एकही नाही. मग एके सकाळी तिने माझाच टेप गळ्यात अडकवला.

"या इकडं. हात वर."

मी नाडीचा पायजमा घालणारा माणूस. नाडी कुणाची चहाडी करत नाही. टेप मात्र पोटाला वळसा घालून पुरता पुरेना.

"मला बी थायरॉइडच असंल," मी मोठ्या आशेने म्हणालो.

तिने मला तडक हिंगोलीला नेलं. रिपोर्ट आला. मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन! थायरॉइड अगदी छान आहे तुमचं."

"मग मॅडम, हे काय हाय?" शोभाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नीट निरखून पाहिलं.

"पोट."