दोनशे चौदा नंबरची थैली

जुन्या वस्तूंच्या त्या केंद्रात सोळा माणसं कामाला होती, पण खिसे तपासायचं काम एकटीचं होतं. म्हणून सगळे तिला खिसेवाली म्हणायचे. नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं, बाई चिडेल. बाई उलट खूश झाली.

लोकांनी दिलेला प्रत्येक शर्ट, पँट, कोट आधी तिच्या टेबलावर यायचा. दोन बोटं खिशात, मग अस्तराखाली, मग बाहीच्या दुमडीत. सापडेल ते पत्र्याच्या डब्यात आणि कपडा पुढे. धड असेल तर गरजूंना वाटायच्या मांडणीवर, फाटका असेल तर चिंध्यांत. चिंध्या कारखान्यात जायच्या आणि यंत्रं पुसायची फडकी होऊन जन्माचं सार्थक करून घ्यायच्या. पलीकडच्या टेबलांवर इस्त्र्या, पंखे, मिक्सर तपासले जायचे, काच आणि पत्रा वेगळा व्हायचा. त्या कामांकडे ती जरा वरूनच बघायची. इस्त्री चालते नाहीतर चालत नाही, त्यात कळायचंय काय? कपड्यात माणूस दिसतो.

आणि तिला खरंच दिसायचा. हा डावखुरा. याचं पोट सुटलंय. ही बाई मोठ्या आजारातून उठली, चारही बाजूंनी कपडा आत घेतलाय बघा. नव्याने कामाला लागलेल्यांना ती पहिल्याच दिवशी शिकवायची, की मेलेल्या माणसाचे कपडे इस्त्री करून येतात. सगळी बटणं लावलेली आणि खिसे रिकामे, कारण घरच्यांनी ते दहादा चाचपलेले असतात. जिवंत माणूस कपडे कसेही कोंबतो आणि खिशात काहीबाही विसरतो. खिशात काही निघालं, की समजायचं, माणूस आहे. अकरा वर्षांत तिचा हा अंदाज कधी चुकला नव्हता. निदान चुकला असं सांगायला कुणी आलं नव्हतं.

थंडी सरली की लोक घरं झाडायला काढतात. वर्षभर ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून जपलेलं सगळं एका आठवड्यात डोळ्यांत सलायला लागतं. केंद्राने त्यासाठी एक पद्धत घालून दिली होती. देणाऱ्या प्रत्येक घराला एक जाड कापडी थैली, थैलीवर लाल दोऱ्याने शिवलेला नंबर. ती भरून कोपऱ्यावरच्या लोखंडी पेटीत टाकायची. गाडीवाला ती केंद्रात आणायचा आणि रिकामी थैली धुऊन, वाळवून चार दिवसांनी त्याच पेटीच्या हुकाला अडकवून यायचा. कुठला नंबर कुठल्या घराचा ते एका वहीत होतं, वही मॅनेजरबाईंच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. देणाऱ्याच्या दारात कुणीही जायचं नाही, हा इथला पहिला नियम. पूर्वी एकजण खिशात सापडलेली अंगठी परत करायला म्हणून मोठ्या भल्या मनाने गेला होता. अंगठी त्या घरातल्या कुणाचीच नव्हती. पुढे तिथे जे रामायण झालं, त्यानंतर केंद्राने कानाला खडा लावला.

त्या वर्षी उन्हं जरा तापायला लागली होती, तेव्हा दोनशे चौदा नंबरची थैली तिच्या टेबलावर आली. आत एकच शर्ट होता. राखाडी, लांब बाह्यांचा. तिने सवयीने खिशात दोन बोटं घातली आणि सवयीनेच दुसऱ्या हाताने कॉलर वर केली. कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली होती, झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर. हाताचे बारीक टाके. शेवटी दोन बोटांएवढी शिवण राहिली असताना राखाडी दोरा संपलेला होता आणि तिथून पुढे हिरवा लावलेला होता.

तो हिरवा दोरा तिने लावला होता. एकोणीस वर्षांपूर्वी, तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन. शर्ट तिच्या नवऱ्याचा होता. ‘आलोच’ म्हणून तो बाहेर पडला होता आणि अजून यायचा होता.

 खिशातल्या बोटांना काहीतरी लागलं. तिने ते बाहेर काढलं. बसचं तिकीट. काडीसारखी बारीक सुरळी केलेली, एक टोक दाताने चावून चपटं केलेलं. तिकिटाची सुरळी करून ती दातांत धरायची, ही त्याची खोड. लग्नाच्या सहा वर्षांत या एका खोडीवरून त्याने इतकी बोलणी खाल्ली होती की दुसऱ्या कुणी बसने जाणंच सोडलं असतं. तिने सुरळी उलगडली. तारीख मागच्या मंगळवारची होती.

“काय गं, भूत बघितल्यासारखी काय बसलीस?” चिंध्यांवरच्या बाईने विचारलं.

“ऊन लागलं,” ती म्हणाली. त्या खोलीला खिडकी नव्हती.

शर्ट तिने पुढे पाठवला नाही. टेबलाखाली एक खोकं होतं, त्यात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने एक कपडा अडवला होता.

नवरा गेला तेव्हा कपाटातले चार कपडे गेले होते. दोन शर्ट, एक तपकिरी पँट, तिने विणलेला एक बिनबाह्यांचा स्वेटर. पोलिसांत तक्रार द्यायला म्हणून तिने ते लिहून काढले होते, आणि लिहिलेलं पाठ झालं होतं. कुणी म्हणालं, नदीत गेला. कुणी म्हणालं, पळाला. तिने कशालाच मान डोलावली नाही. कळल्याशिवाय मी काही म्हणणार नाही, एवढंच ती बोलायची, आणि त्या एका वाक्यावर तिने एकोणीस वर्षं काढली. नवरा असलेली म्हणायचं की नसलेली, हे लोकांना ठरवता आलं नाही आणि तिलाही नाही. आहे की नाही, एवढं एकच तिला हवं होतं. पुढचं काय ते पुढे.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दोनशे चौदा. तपकिरी पँट. गुडघे असे फुगलेले, जणू माणूस आत्ताच खुर्चीतून उठून गेलाय. खिशात खोकल्याची अर्धी चोखलेली गोळी, कागदात गुंडाळून ठेवलेली. कागद अजून चिकट होता. ती गोळी हातात धरून बराच वेळ बसली. गोळी डब्यात टाकवेना.

तिसऱ्या आठवड्यात स्वेटर. तिकिटाची आणखी एक सुरळी, आणखी ताजी तारीख. तिने तो खोक्यातल्या शर्टावर ठेवला, पँट खाली सरकवली, आणि एकदम हात मागे घेतला. खोक्यात कुणीतरी पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखं दिसत होतं. माणूस थोडा थोडा करून घरी येत होता आणि येताना एक शब्द बोलत नव्हता.

ती मॅनेजरबाईंकडे गेली.

“मला दोनशे चौदाचा पत्ता पाहिजे.”

“खिशात काही निघालं का? मोठं काही?”

“नाही.”

“मग?”

मग काय सांगणार! नवरा निघाला, असं सांगायचं? 

“मावशी, तुम्हीच सगळ्यांना हा नियम सांगता,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्हालाच पत्ता दिला तर मी उद्या कुणाला नाही म्हणू?”

चिडून उपयोग नव्हता, बाईंचं बरोबर होतं. तरीही ती चिडली. दिवसभर खिसे असे उलटे करत राहिली की जणू सगळ्या शहराची झडती घेतेय.

घरी मुलीला सांगितलं. मुलगी आता एकवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. बाप तिला फक्त फोटोत माहीत. ती ऐकून घेत होती आणि ताटातलं तसंच राहिलं होतं.

“आई, शर्ट कुणीही घालतं गं. बाजारात गेला असेल, कुणी विकत घेतला असेल.”

“आणि सुरळी? तीही विकत घेतली?”

 मुलीने ताट बाजूला सरकवून विचारलं, “आले, तर काय करशील?”

“दार उघडीन. मग ठरवीन, आत घ्यायचं की नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने धुतलेल्या थैल्यांच्या ढिगातून दोनशे चौदा शोधून काढली. एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘हे कपडे वापरणारा माणूस कसा आहे? या कॉलरी मी उलटवून दिल्या होत्या.’ खाली नाव घातलं नाही. चिठ्ठी थैलीच्या आत, तोंडाशीच, चार टाके घालून शिवली. हात टाकणाऱ्याच्या बोटांना लागल्याशिवाय राहणार नाही अशी. गाडीवाला थैल्या मोजून घेऊन गेला. त्याला पत्ता नाही, की तो काय घेऊन चाललाय.

मग आठ दिवस ती नुसती वाट बघत होती. वाट बघण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण हे आठ दिवस आधीच्या एकोणीस वर्षांहून लांब गेले.

नवव्या दिवशी सकाळी गाडी आली. दोनशे चौदा सगळ्यात वर होती. आत दुसरा शर्ट, फिकट निळा. तिने तो हातात घेतला आणि तिच्या तोंडून चीत्कार निघाला.

शर्ट कोमट होता.

कॉलरीत घामाचा ओलावा होता. बाह्यांच्या कोपरांना घडी नव्हती, वाक होता. ती तशीच धावत बाहेर गेली. गाडीवाला चाकाला पाणी मारत होता.

“ही थैली कुठून उचललीस?”

“पेटीतून. मागच्या गल्लीतली शेवटची पेटी, आत्ता येता येता.”

“तिथे कोण होतं?”

“कुणी नव्हतं. का हो?”

ती गल्लीत गेली. पेटी होती, हुक होते, ऊन होतं. एका घराच्या गच्चीवर गाद्या वाळत टाकल्या होत्या आणि कुणीतरी काठीने त्या बडवत होतं. पेटीशेजारच्या भिंतीला टेकून ती उभी राहिली, शर्ट छातीशी धरून. निघून गेलेल्या माणसाची ऊब हातात होती आणि ती क्षणाक्षणाला कमी होत होती. तिला वाटलं, हाक मारावी. एकोणीस वर्षांत नाव तोंडात घेतलं नव्हतं, ते आता ओठांवर येऊन अडलं.

टेबलाशी परत आल्यावर तिने थैलीच्या तोंडाशी हात घातला. तिची चिठ्ठी नव्हती. तिथे दुसरी शिवलेली होती.

अक्षर बाईचं होतं, मोठं, सावकाश काढलेलं.

‘कॉलरी तुम्ही उलटवल्या असं लिहिलंत म्हणून उत्तर देते. मी त्यांची बायको. ते जाऊन नऊ वर्षं झाली. कपडे देववेनात, म्हणून मीच वापरत होते. घरात, बाजारात, बसमध्येसुद्धा. लोक हसायचे. तिकिटाची सुरळी करायची त्यांची खोडही मला लागली आहे, आणि खोकलाही. या वर्षी घर आवरायला काढलं, तेव्हा ठरवलं की दर आठवड्याला एक द्यायचा. एकदम जमलं नसतं. हा शेवटचा. ब्लाउजवर घालून पेटीपर्यंत आले आणि तिथेच उतरवला, नाहीतर दिला नसता. ते नेहमी सांगायचे, माझ्या कॉलरी बहिणीने शिवल्यात, तिच्याशिवाय मला कुणी नव्हतं. पण तिचा पत्ता कधी दिला नाही. म्हणून ते गेल्याचं कुणाला कळवता आलं नाही. ती बहीण तुम्हीच का?’

बहीण! आधी तिला भयंकर संताप आला. सहा वर्षांचा संसार, एक पोर, आणि या माणसाने तिची बहीण करून टाकली. मग संताप कुठे ठेवायचा तेच कळेना, कारण ज्याच्यावर काढायचा तो नऊ वर्षं झाली, नव्हताच. नऊ वर्षं ती या टेबलाशी बसून जगाला शिकवत होती, खिशात काही निघालं की माणूस आहे. ती रडली. डोकं खाली घालून, आवाज न करता, निळ्या शर्टात तोंड खुपसून. चिंध्यांवरची बाई येऊन नुसती शेजारी उभी राहिली.

दुपारी गाडी रिकाम्या थैल्या घेऊन निघायची होती. खिसेवालीने तोंड धुतलं आणि कागद घेतला. खरं लिहिलं असतं तर पलीकडच्या त्या बाईचा उरलासुरला संसारही मोडला असता आणि उत्तर कधीच आलं नसतं. आणि एक गोष्ट तिला विचारायचीच होती. बायको म्हणून विचारायची सोय नव्हती.

‘हो, मीच ती बहीण,’ तिने लिहिलं. ‘शेवटी दादाला फार त्रास झाला का?’