मास्तरांच्या सहीची यादी

सोमवार, गणपतीच्या आधीचा. गोवा घटक राज्य होऊन वीस वर्षं होत आली होती. डिचोलीच्या आमच्या छपाईच्या दुकानात हजर: मालक, मयेहून येणारी टायपिंगवाली, धारगळचे मास्तर (निवृत्त मराठी शिक्षक, आमचे प्रूफ तपासणारे) आणि कामाची आखणी करणारी मी.

मास्तर एका प्रुफाला दोन दिवस घेत. एका डोळ्यात मोतीबिंदू. घरी बसा म्हटलं की म्हणत, घरी बसलो तर भिंतीच वाचायच्या. नोकरी सोडली तर त्यांना दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

त्या महिन्यात संगणकावर शुद्धलेखन तपासायची सोय आली होती. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, पुढे फाइलचं नाव द्यायचं; शब्दकोशात नसलेले शब्द खाली खाली उतरतात. मास्तरांनी पास केलेली मुळगावच्या देवळाची स्मरणिका मी त्यात घातली. तीनशेच्या वर शब्द आले. छापून यादी टेबलावर ठेवली.

मालकांनी पानं उलटली, वाचली नाहीत. टायपिंगवालीकडे बघत म्हणाले, "मास्तरांनु, चष्मो बदलतास की खुर्ची?" ती हसली. मीही हसले.

यादीत तिसऱ्या ओळीवर 'कुळागर' होतं, आमची सुपारी-नारळाची बाग. खाली पाववाला पोदेर, खिडकीचं जनेल, खाऱ्या पाण्याकाठचं खाजन, शेतांची नावं, मानकऱ्यांची आडनावं. यंत्राचा शब्दकोश घाटावरचा. त्याला आमचं गाव ठाऊक नव्हतं. छापतानाच मी ते पाहिलं होतं.

दुकानाचा नियम असा की तपासलेल्या प्रत्येक कागदावर तपासणाऱ्याची सही हवी, आणि सही झालेल्या कागदावर पुन्हा बोलायचं नाही. मास्तरांनी यादी डोळ्यांजवळ नेली. अक्षर बारीक होतं. त्यांनी ती खाली ठेवली.

"बाय, तू नजर घातलीस मगे?"

"हो."

त्यांनी पेन काढलं आणि शेवटच्या पानावर सही केली. आयुष्यात एकही ओळ न वाचता सोडली नव्हती अशा माणसानं तीनशे चुका न वाचता कबूल केल्या. मालकांनी त्यांना गणपतीनंतर येऊ नका असं सांगितलं. मी सही झालेली यादी फाइलीत लावली. दुपारच्या बसनं ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी गावचे सगळे शब्द यंत्राच्या शब्दकोशात घातले. एका सकाळीत झालं. मग तीच स्मरणिका पुन्हा चालवली. चार शब्द उरले, त्यातले दोन टायपिंगवालीनं मास्तरांनंतर बिघडवलेले. स्मरणिका वेळेवर गेली. त्यानंतर आमचं कुठलंच काम अडलं नाही.

मास्तर अजून धारगळलाच असतात. आता दुसराही डोळा गेलाय. दर जानेवारीत मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नवीत उतरवते. यंदाही पहिल्याच पानावर लिहिलंय: धारगळला जाणे, मास्तरांना 'चुका दोन' असे सांगणे.