ठमीचा पत्ता

किस्से एखाद्या मंडळात कुणी मुद्दाम साठवत नाही. ते थरांसारखे साचतात. आमच्या लोकगीतसंग्राहक मंडळात ठमीच्या कथेचे तीन पाठ प्रचलित आहेत. नंदुरबारच्या पाठात दोष विजेचा, धानोऱ्याच्या पाठात आमचे सभासद भास्करआप्पा यांचा, तर खांडबाऱ्याच्या पाठात त्यांच्या बहिणीचा, अक्कांचा. फोनवर मी स्वतः हजर असल्याने तिन्ही पाठ मला अपुरे वाटतात.

ठमी म्हणजे आप्पांच्या खांडबाऱ्याच्या घरातला कॉम्प्युटर. आमची ध्वनिमुद्रित गाणी त्याच्यात असतात आणि आम्ही ती आपापल्या गावांतून इंटरनेटवर ऐकतो.

*

सुरुवातीला त्याला नाव नव्हतं, फक्त आकडी पत्ता होता. वीज गेली की इंटरनेट कंपनी नवा पत्ता देई. आप्पा फोनवर आकडे सांगत. आम्ही लिहून घेईपर्यंत पुन्हा वीज जाई!

आप्पांच्या पत्नी एकदा वैतागल्या, "घर तेच शे, दार तेच शे, मंग पत्ता कशा बदलना?"

याहून नेमका प्रश्न मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेला नाही.

*

उपाय आप्पांनीच शोधला. कॉम्प्युटरमधला एक छोटा प्रोग्राम दूरच्या सेवेला सतत कळवत राहतो, 'मी आता या पत्त्यावर आहे.' आम्ही फक्त नाव घ्यायचं. पत्ता ती सेवा शोधते.

नाव काय ठेवावं यावर सभा झाली. 'लोकस्वर', 'गीतगंगा' अशी भारदस्त नावं सुचली. तेवढ्यात धानोऱ्याहून आलेल्या अक्का उठल्या. "भाऊना घरमा बारसं, आनि नाव तुम्ही ठेवतस? नाव आत्याच ठेवस!"

आत्याचा अधिकार निर्विवाद. नाव पडलं ठमी.

*

पुढे आप्पांनी नवा कॉम्प्युटर घेतला, गाणी आणि तो प्रोग्राम त्यात उतरवला. जुन्यातली गाणी पुसून तो अक्कांना दिला. प्रोग्राम पुसायचा मात्र राहिला.

त्याच आठवड्यात रमिलाबाईंचा फोन आला. त्यांचं माहेर मणिबेली. गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि कुटुंब पुनर्वसन वसाहतीत आलं. गावदेवाच्या पूजेत पूर्वजांच्या मुक्कामांचं गाणं त्यांची आई म्हणत असे. ते आम्ही ध्वनिमुद्रित केलं होतं. आई गेल्यावर तो मान त्यांच्याकडे आला होता, आणि पूजा त्याच संध्याकाळी होती.

"सर, मधली गावं आठवत नाहीत. एक गाव चुकलं तर गाणं मोडतं. आईचा आवाज ऐकवा."

मी ठमी उघडली. गाणं एकही नाही!

मी आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "लाइट शे, नेट शे, ठमी चालू शे!" मग त्यांना जुना कॉम्प्युटर आठवला. "अरे देवा! अक्काना कॉम्प्युटरबी सांगी ऱ्हायना, मीच ठमी!"

मला फोनवर ठेवूनच आप्पांनी अक्कांना फोन लावला.

"अक्का, वायर काढ!"

"मन्ही सिरीयल चालू शे!"

"अक्का, एक बाईनी माय अडकेल शे!"

पुढे काही न विचारता अक्कांनी वायर उपटली. थोड्या वेळात नाव खांडबाऱ्याकडे वळलं. आवाज आला: खोकला, श्वास, मग एकेक गाव. रमिलाबाईंनी ते फोनवर एकदाच ऐकलं.

संध्याकाळी मी पूजेला होतो. रमिलाबाईंनी सगळी गावं क्रमाने घेतली. मणिबेलीपाशी आईचं गाणं संपत असे. रमिलाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी वसाहतीचं नाव घेतलं, आणि मग नारळ फोडला.