कुंपणापलीकडची खुंटी

हुडकेश्वरच्या आमच्या इमारतीत लिफ्टच्या दाराला हात लावला की बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या, म्हणून सोसायटीने लिफ्टच बंद केली. अर्थिंग तपासून झाल्याशिवाय ती सुरू करायची नाही, असं ठरलं. ठरवणारे सगळे खालच्या मजल्यांवरचे. आम्ही अगदी वर, आणि बायकोचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. ती घरातच अडकली. मागच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी गल्लीत सोडून भाजी घ्यायची आणि मी मजेत आहे म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

तपासणीला एक तरुण इंजिनिअर बाई आली. उन्हाने रापलेली, खांद्यावर तारेचं भेंडोळं, हातात मीटर. इमारतीतली गळकी वीज जमिनीत नीट उतरते का हे बघायचं, तर लांबवर मातीत लोखंडी खुंट्या ठोकून तिथवर तार न्यावी लागते, असं तिने सांगितलं. आमच्याकडे माती कुठे? धूळ नको म्हणून आम्हीच मोठ्या हौसेने आवारभर ब्लॉक बसवून घेतलेले. अध्यक्षांनी भिंतीलगतचा गुलाबाचा वाफा दाखवला. ती नको म्हणत होती, तरी त्यांच्या आग्रहाखातर तिने तिथे खुंट्या ठोकल्या. आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं, आणि तो अगदी झकास कमी आला. अध्यक्ष म्हणाले, झालं, लिहून टाका. मी तर लिफ्टकडे निघालोसुद्धा.

तिने शांतपणे खुंट्या उपटल्या. माझं डोकंच फिरलं. बायको वर कशी दिवस काढते आहे ते मी तिला चढ्या आवाजात ऐकवलं. खुंटीची माती पुसत तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, जवळ खुंटी ठोकली की मीटर गोडच बोलते," ती म्हणाली. "उद्या त्या दाराले काकूंचाच हात लागन न?"

मी लिफ्टपासून मागे फिरलो.

लांबची माती एकच होती, मागच्या गल्लीपलीकडच्या बैठ्या घराचं अंगण. आमची इमारत उभी राहिली आणि त्या अंगणातलं ऊन गेलं, तेव्हापासून त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. विचारायला कोण जाणार म्हणून आम्ही पुरुष एकमेकांची तोंडं बघत उभे होतो. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून बायकोने त्या घरातल्या बाईला हाक दिली.

"फाटक उघड वं! त्या पोरीले आंगणात खुंटी ठोकू दे."

मी वर बघतच राहिलो. इतकी सलगी कधी झाली? मग कळलं, तिची पिशवी भाजीवाल्यापेक्षा त्या अंगणासाठीच जास्त वेळा खाली जात होती. तिथल्या ओल्या कुरडया वर यायच्या, आमच्या गॅलरीतल्या उन्हात वाळून परत जायच्या. मी त्या आपल्याच समजून येता-जाता तोंडात टाकत होतो.

फाटक उघडलं. खुंट्या अंगणात ठोकल्या आणि या वेळी आकडा कितीतरी जास्त आला. अर्थिंग पार बिघडलेलं होतं. तिने आलं तसं लिहिलं. लिफ्ट बंदच राहिली, ब्लॉक उखडून नवे खड्डे खणेपर्यंत बायको वरच राहिली, पण त्या पोरीबद्दल तिने एक वाकडा शब्द काढला नाही. मला मात्र ती पोर तेव्हापासून फार मोठी वाटते. माझ्यासारखा माणूस अंगावर ओरडत असताना नको असलेलं खरं सांगायला छाती लागते.

नवं अर्थिंग झाल्यावर तिने त्याच अंगणातून पुन्हा तपासलं आणि हसून मान हलवली. लिफ्टच्या दाराला आधी मी हात लावणार होतो. बायकोने मला बाजूला सारलं आणि स्वतःचा तळवा दारावर टेकवला.

"काहीच नाही होत," ती म्हणाली.

खाली आल्यावर मी पुढच्या फाटकाकडे वळलो. ती काठी टेकत मागच्या गल्लीकडे निघाली. गल्लीपलीकडे, खुंटीच्या भोकाशेजारी, आमच्या इमारतीच्या सावलीत दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.