दाणे आणि दाने

आमच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. हे आम्हाला तो दीड वर्षाचा असताना कळलं. फलटणला माझ्या आईने त्याला दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर भरवली, आणि बघता बघता त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, कोरडा खोकला लागला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. ते आम्हाला बजावून म्हणाले, "पुढच्या वेळी घरात बसून वाट बघू नका. गांधी आणि खोकला एकत्र दिसला, की सरळ दवाखाना."

पुढे बँकेने माझी बदली जयपूरला केली. शाखा सी-स्कीममध्ये, घर मुरलीपुऱ्यात. घरापासून दोन गल्ल्यांवर एक प्ले-स्कूल होतं. प्रवेशाच्या वेळी बायको म्हणाली, "तुम्हीच बोला. तुमचं हिंदी चांगलं आहे." ते खरंच चांगलं होतं, निदान शाळेतल्या गुणांवरून तरी. मी मॅडमना हात जोडून म्हणालो, "मैडम, इसको दाने की एलर्जी है. ज़रा ध्यान रखिएगा." त्या म्हणाल्या, "आप चिंता मत कीजिए सर, हम रोज़ चेक करते हैं."

आणि खरंच, रोज तपासायचे. त्या हिवाळ्यात लहान मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड येणारी साथ होती, त्यामुळे फाटकाजवळच मॅडम स्टूल टाकून बसायच्या. कपाळाला हात लावायचा, तळवे बघायचे, "आ करो" म्हणायचं, खिशात रुमाल आहे का चाचपायचं, मग स्वेटर वर करून पोट बघायचं. आमच्या मुलाची पाळी आली की त्या जरा जास्त वेळ घ्यायच्या आणि माझ्याकडे बघून हसून सांगायच्या, "दाने नहीं हैं सर. जाओ बेटा, अंदर."

माझा ऊर भरून यायचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. मी ज्या बालवाडीत गेलो तिथं तापलेल्या पोराला कोपऱ्यातल्या सतरंजीवर निजवायचे, एवढाच नियम. इथं माझ्या मुलाचे खिसे रोज तपासले जात होते. घरी येऊन मी बायकोला सांगितलं.

"पण पोटावर दाणे कशाला शोधतात?" ती म्हणाली.

"स्वेटरच्या आत कुणी लपवून आणले तर?"

"तीन वर्षांचं पोर? काय तस्कर आहे का ते?"

"अगं, शाळेची पद्धत असते. शिकलेली माणसं आहेत ती."

"विचारून तर बघा एकदा."

मी विचारलं नाही. शिक्षकांना उलट प्रश्न विचारायची सवय मला कधी लागलीच नव्हती.

जानेवारीतल्या एका सकाळी मी एका पेन्शनर आजोबांचं हयातीच्या दाखल्याचं काम करत होतो. मोबाइल वाजला. मॅडमचा आवाज अगदी शांत होता.

"नमस्ते सर. घबराने की बात नहीं है. बच्चे को दाने निकल आए हैं."

मला वाटलं, कुणाच्या तरी खिशातून निघाले. मी म्हणालो, "किसके पास से निकले?"

"किसके पास से मतलब? उसके गाल पे, गर्दन पे. पेट पे भी."

"खाए तो नहीं उसने?"

"क्या, सर?" त्या हसल्याच थोड्या. "आपने एडमिशन के टाइम बोला था ना, इसको दाने की एलर्जी है? वही वाले दाने हैं. हमने अलग कमरे में बैठा दिया है, लोशन लगा दिया है. आप आराम से आइए, आपका ऑफिस का टाइम है."

तेव्हा मला कळलं. त्यांच्या हिंदीत दाने म्हणजे अंगावर उठणारं पुरळ. माझे दाणे त्यांच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. इतके महिने त्या माझ्या मुलाच्या पोटावर पुरळ शोधत होत्या, आणि मी शेंगदाणे शोधल्याबद्दल त्यांचे आभार मानत होतो.

"मैडम, मूंगफली," मी म्हणालो. माझा आवाज एवढा चढला की आजोबा दचकले. "उसने मूंगफली खाई क्या?"

"मूंगफली? हाँ, गजक थी आज, चिक्की जैसी. एक बच्चे के दादाजी सबके लिए लाए थे. मूंगफलीवाली."

"साँस देखिए उसकी. अभी, जल्दी."

त्यांच्या चपला फरशीवर धावत गेल्याचं ऐकू आलं. दार उघडलं. आणि मग मला त्याचा खोकला ऐकू आला, कोरडा, एकामागून एक. तो खोकला मला माहीत होता.

"खाँस रहा है सर. सर्दी थी ना इसको?"

"नहीं थी! उसको मूंगफली से एलर्जी है. मूंगफली से. अस्पताल ले जाइए, अभी."

मग त्या म्हणाल्या, "सर, नियम ये है कि बीमार बच्चे को हम माता-पिता के हाथ में ही देते हैं. बाहर नहीं ले जा सकते."

नियम चांगलाच होता. एरवी मी त्याचं कौतुकच केलं असतं. मी म्हणालो, "मैडम, मैं उसका बाप बोल रहा हूँ. उसका गला बंद हो जाएगा."

पुन्हा खोकला. "उठा लिया मैंने," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज बदलला होता. "सीकर रोड वाले अस्पताल जा रही हूँ. आपकी मैडम को बोलिए, सड़क पे मिलें."

बायकोला फोन लावला. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने एकही प्रश्न केला नाही. फक्त "निघाले" म्हणाली, आणि फोन चालू ठेवूनच पळाली. बराच वेळ मला तिचा श्वास आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणं तेवढं ऐकू येत होतं, मग फोन तुटला.

शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने माझा चेहरा बघून किल्ली उचलली होती. "बैठो भाईसाहब, पीछे बैठो." त्याच्या मोटारसायकलवर मी त्याचं जॅकेट दोन्ही मुठींनी धरून बसलो. प्रत्येक सिग्नलला मी कानाला फोन लावत होतो आणि बायको उचलत नव्हती. ती उचलत नाही म्हणजे तिचे हात मोकळे नाहीत, असं मी स्वतःला सांगत होतो. दुसरं काही सुचू द्यायचं नाही, एवढंच करत होतो. सहकारी मान मागे न वळवता अधूनमधून ओरडायचा, "पहुँच गए, बस पहुँच गए." पोचलो मात्र नव्हतो.

दवाखान्यात आत शिरलो तेव्हा मुलगा पलंगावर बायकोला टेकून बसला होता. नाकातोंडावर वाफेचा मास्क, डोळे सुजून बारीक झालेले, गालांवर त्या गुलाबी लोशनचे पट्टे. पण छाती हलत होती. मांडीत इंजेक्शन देऊन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता उतार पडतोय, पण हे उलटून येऊ शकतं, संध्याकाळपर्यंत इथंच ठेवायचं.

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. एका पायात चप्पल नव्हती. बायको नंतर म्हणाली, ती वळणावर पोचली तेव्हा मॅडम मुलाला कडेवर घेऊन भर रस्त्यात रिक्षासमोर आडव्या उभ्या होत्या.

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यांना नेमकं काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं. ती मॅडमकडे वळली आणि तिच्या अडखळत्या हिंदीत म्हणाली, "लेकिन दाने की एलर्जी... आपको अजीब नहीं लगा?"

"लगा था," मॅडम म्हणाल्या. "दाने तो एलर्जी से होते हैं, दाने की एलर्जी क्या होती है? पूछना था मुझे. पर सोचा, सर बैंक में अफ़सर हैं, ठीक ही बोल रहे होंगे."

मीही त्यांच्याबद्दल तेच समजून होतो.

दुपार तशीच गेली. मॅडमना मी घरी जायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत. नर्स आली की आम्ही तिघंही उठून उभे राहायचो. एकदा तो झोपेत खोकला आणि आम्ही तिघंही पलंगावर वाकलो. तेवढा एकच खोकला होता, पुढे काही आलं नाही.

मग मॅडमनी स्टूल ओढून पलंगाजवळ घेतलं. बायकोला म्हणाल्या, "दीदी, बिगड़ने से पहले इसकी साँस कैसी हो जाती है? मुझे हाथ रखके बताइए. सुनके मैं फिर गलत समझूँगी."

बायकोने त्यांचा तळवा धरून मुलाच्या छातीवर ठेवला, बरगड्यांच्या खाली. "यहाँ. यहाँ अंदर खिंचता है. अभी नहीं खिंच रहा. अभी ठीक है." मॅडम डोळे मिटून हात तसाच ठेवून बसल्या. मग स्वतःच हात थोडा वर सरकवला, गळ्याजवळच्या खड्ड्यापाशी. "और यहाँ?" "यहाँ भी."

मुलगा जागा झाला. त्याने मास्कच्या आतून आधी आईकडे आणि मग त्या हाताकडे बघितलं.

"मॅडम," तो घोगऱ्या आवाजात हसत म्हणाला, "गुदगुदी होतेय ना."

मॅडमनी हात काढला नाही. तो हसताना त्याचा श्वास हाताला कसा लागतो, तेही त्यांना बघायचं होतं.