नर्मदा मी पाहिली नाही

आम्हा चौघांत धंद्याने फोटोग्राफर असा मी एकटाच होतो, आणि त्या सगळ्या प्रवासात सर्वांत कमी फोटो काढले तेही मीच.

नंदुरबारला स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. पुढे फोटो काढायची खोली, तिच्यामागे अंधारखोली आणि तिच्याही मागे आमचं बिऱ्हाड. लग्न ठरायच्या मुली, नवी टोपी घातलेली मुलं, कचेरीत फोटो द्यायचा म्हणून घाईघाईने आलेले तलाठी, सगळे पडद्यावर रंगवलेल्या त्याच तळ्यासमोर बसायचे. प्रिंट धुवून दोरीवर चिमट्यांनी लावायचं काम माझी बायको करायची. एका पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला आणि दिवाळी यायच्या आत ती गेली. मूल नव्हतं. आई-वडील आधीच गेलेले. बहीण सुरतेकडे दिलेली, ती येऊन राहिली आणि गेली. मग मी प्रिंट स्वतः धुवू लागलो, भाकरी स्वतः थापू लागलो, आणि गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा वर घ्या" यापलीकडे दिवसभरात फारसं काही बोलावं लागत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

तिच्यावर उपचार केले ते डॉक्टर हौशी फोटोग्राफर होते. त्यांचे रोल माझ्याकडेच धुवायला यायचे. ती गेल्यावरही ते येत राहिले, पण तिच्याबद्दल एक अक्षर त्यांनी कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. फिल्म उजेडाकडे धरून आम्ही दोघं नुसतं बघत उभे राहायचो.

पुढल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते म्हणाले, "नाताळात आम्ही तिघं तोरणमाळला निघालोय. तिथून पलीकडे डोंगर उतरून नर्मदेपर्यंत जायचं. कॅमेरे घेऊन. तुम्ही चला."

"दुकान कोण बघणार?"

"कुलूप लावा. मिरचीच्या दिवसांत तसंही कोण येतंय फोटो काढायला?"

ते खरं होतं. त्या दिवसांत गावाबाहेरची सगळी पठारं वाळत घातलेल्या मिरचीने लाल होतात आणि वारा फिरला की स्टुडिओतही ठसका लागतो. फोटोसाठी डोळे उघडे ठेवून बसणं अवघड. मी हो म्हटलं.

बाकीचे दोघं म्हणजे एक कापडाचे मारवाडी शेठजी, आणि दुसरा तापीकाठच्या गावातला गुजर शेतकरी. शेठजींकडे दोन भिंगांचा जर्मन कॅमेरा होता. तो ते लहान बाळासारखा धुवट पंच्यात गुंडाळून ठेवत. गुजर शेतकरी माझ्याच वयाचा, कॉलेजात जाऊन परत येऊन केळी लावणारा. प्रकाशा गावापाशी तापी ओलांडून आम्ही शहाद्याला पोचलो, तिथून त्याच्या बैलगाडीने डोंगराच्या पायथ्याला, आणि पुढे पायी. पायथ्याला जंगलखात्याचा एक नाकेदार भेटला. डॉक्टरांनी त्याच्याशी आधी बोलून ठेवलं होतं. तो वाट दाखवणार होता, आणि पाड्यांवरच्या लोकांची पावरी बोली आम्हाला समजावून सांगणार होता. सामान न्यायला त्याने दोन माणसं आणली होती.

चढताना ते तिघं सारखे बोलत होते. ऊन किती, भिंगाचं तोंड किती उघडायचं, ढग आले तर बरं होईल. शेठजी मध्येच थांबून म्हणायचे, "भाऊ, तू सांग ना, आठे फोटू कसा येई?" इथे फोटो कसा येईल ते मी सांगायचो आणि पुन्हा मागे राहायचो. तोरणमाळला पोचलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं. सकाळी गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. तिघं तळ्याकाठी गुडघ्यांवर बसून फोटो काढत होते. मीही कॅमेरा उघडला, तळ्याकडे बघितलं आणि मला एकदम वाटलं, आता घरी जाऊन हे कोणाला सांगायचं? कॅमेरा मिटून मी चहाचं पाणी ठेवायला गेलो.

तोरणमाळच्या पलीकडे उतरायला लागलो आणि एका पाड्यापाशी मला हुडहुडी भरली. पावरा लोकांची घरं एकाशी एक लागून नसतात. एका टेकाडावर एक, दुसऱ्यावर दुसरं. जे पहिलं घर लागलं त्याच्या अंगणात मी खाली बसलो तो उठलोच नाही. घरात एक म्हातारा आणि म्हातारी होती. त्यांनी काही न विचारता खाट बाहेर काढली.

डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. नाडी बघायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. "हिवताप आहे," ते म्हणाले, "दुसरं काही नाही. हिवतापच आहे." हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

"मी इथे थांबतो," ते शेठजींना म्हणाले. "तुम्ही दोघं जाऊन या."

मला ते नको होतं. माझ्या उशाशी बसून ते सगळं पुन्हा आठवत राहतील, आणि त्यांना आठवताना बघून मीही आठवत राहीन. शेठजींकडे वळून मी म्हटलं, "तुम्ही समदा जा. मी आठेच ऱ्हास. मन्ही कायजी करू नका."

"एकला कसा ऱ्हाशी रे? ना ह्यासले तुन्ही भाषा येत, ना तुले ह्यासनी."

"झोपालेच ऱ्हावनं शे ना. त्याले भाषा कशाले पाह्यजे?"

शेवटी डॉक्टर हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणि त्या कधी घ्यायच्या ते नीट सांगून निघाले. नाकेदाराने म्हाताऱ्याला काहीतरी बजावलं. वाटेच्या वळणावर डॉक्टर थांबून मागे बघत होते. मग झाडांआड गेले.

ते परत येईपर्यंतचे दिवस मला सलग आठवत नाहीत. थंडी वाजायची, मग ताप चढायचा, मग घाम येऊन अंग हलकं व्हायचं. थंडी वाजली की म्हातारी माझ्यावर घोंगडी टाकायची, त्यावर गोणपाट टाकायची आणि तरी मी कापत राहिलो तर वर स्वतःचे दोन्ही हात दाबून बसायची. मक्याची पातळ पेज करून पाजायची. मी तोंड फिरवलं तर रागवायची. शब्द कळत नव्हते, पण रागावणं कळत होतं. ताप नसताना मी अंगणात खाटेवर पडून समोरच्या डोंगराकडे बघायचो. आवाज म्हणावा तर कोंबड्यांचा आणि खालच्या ओढ्याचा. माणूस दिसायचा तोही पलीकडच्या टेकाडावर, मुंगीएवढा. स्टुडिओच्या मागच्या खोलीत मी एकटा होतोच, पण तिथे गाडीची शिटी तरी ऐकू यायची.

म्हातारा खाटेशेजारी बसून अंबाडीचा दोर वळायचा आणि माझ्याशी बोलायचा. मला कळत नाही हे त्याला माहीत होतं. तरी तो डोंगर दाखवून, हात हलवून, मध्येच हसून, लांबलचक काहीतरी सांगत राहायचा. ऐकून घेतल्यावर आपणही काहीतरी बोलायला हवं, असं वाटून मी एकदा माझ्या अहिराणीत सुरुवात केली. आधी गाव सांगितलं. मग स्टुडिओ. मग बायको.

"मन्ही बायको मरी गई, बाबा," मी म्हटलं. हे वाक्य मी तोवर कोणापाशीच उच्चारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सांगायची पाळीच आली नव्हती. म्हाताऱ्याने मान हलवली आणि दोर वळत राहिला. मग मला थांबवेना. ती प्रिंट धुताना पाण्यात हात घालून कशी गुणगुणायची, पहिल्यांदा स्वतःचा फोटो उमटताना बघून ट्रे टाकून कशी पळाली होती, शेवटच्या दिवसांत तापात मला ओळखेना तेव्हा "फोटोवाले, दुकान बंद करा आता" असं कसं म्हणाली होती, सगळं सांगितलं. रोज सांगू लागलो. तो त्याचं बोलायचा, मग मी माझं. कळणार नाही याची खात्री होती, म्हणूनच बोलता येत होतं.

तिघं परतले ते उन्हाने काळे होऊन आणि आनंदात. नर्मदा किती खोल दरीतून वाहते, पलीकडचा काठ किती जवळ दिसतो, पाण्यावर संध्याकाळ कशी पडली. गुजर शेतकरी सांगताना अडखळत होता इतका खूश होता. "तू पाहिजे होतास," तो म्हणाला. मी हसलो. मला मात्र ते फार लांबून बोलताहेत असं वाटत होतं. डॉक्टरांनी आल्या आल्या माझ्या कपाळाला हात लावला आणि मग बराच वेळ ते पाणी पीत बसले.

निघायच्या आधी म्हातारी नाकेदाराशी काहीतरी बोलली. नाकेदार माझ्याकडे वळला.

"ती विचारतेय, तुझं कोण गेलं?"

मी त्यालाच उलट विचारलं, "तिला काय माहीत?"

त्याने तिला विचारलं. ती हात उडवून बोलली.

"म्हणते, रोज बोलताना रडायचास. नुसत्या तापाने माणूस असं रडत नाही."

मी रडत होतो हे मलाच ठाऊक नव्हतं. शेठजी खाली बघू लागले. "बायको," मी म्हटलं, आणि तो शब्द नाकेदाराला त्यांच्या बोलीत सांगावा लागला नाही. म्हातारी आत गेली, मोहाची दारू घेऊन आली. म्हाताऱ्याने पिण्याआधी थोडी जमिनीवर सांडली. त्यांच्या गेलेल्या माणसांसाठी ते असं सांडतात, हे नाकेदाराने वाटेत सांगितलं होतं. मग म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा, थोड्या बाजूला, वेगळी सांडली. डॉक्टर उठून अंगणाच्या कडेला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मग मी सामानातून माझा कॅमेरा मागितला. दोघांना घरासमोर बसवलं. आमच्या गावात नवरा-बायकोला फोटोला बसवलं की मध्ये हातभर जागा ठेवतात, आणि मला दर वेळी सांगावं लागतं, जरा जवळ या. ही दोघं खांद्याला खांदा लावून बसली. मी एकच फोटो काढला.

उतरताना डॉक्टर माझ्याबरोबर मागे राहिले. खूप चालल्यावर म्हणाले, "तिला मी धुळ्याला हलवायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही."

"मलाही नाही कळत," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मी "तसं काही नाही" म्हणालो असतो तर त्यांनी विश्वास ठेवला नसता, असं मला वाटतं. त्यानंतर ते स्टुडिओत आले की तिचं नाव घेऊ लागले, आणि मला ते बरं वाटायचं. पण ते गेल्यावर मागची खोली होती तशीच असायची.

पुढच्या हिवाळ्यात तो फोटो मोठा करून मी एकटाच पुन्हा वर गेलो. दोघं होती. म्हाताऱ्याची पाठ जास्त वाकली होती. फोटो हातात दिल्यावर म्हातारीने आधी तो उलटा धरला, मग सुलटा. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवून ती मोठ्याने हसली आणि त्याला दाखवलं. मग बोट शेजारी सरकवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्याकडे हात हलवून विचारलं. हिला कोण म्हणायचं? माझ्या म्हाताऱ्याला चिकटून बसलीय ती ही कोण?

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. ती चिडली. तिने स्वतःचं नाक चाचपलं, गाल चाचपले, मग गळ्यातली चांदीची हासळी. फोटोतल्या बाईच्या गळ्यातही तीच हासळी होती. कितीतरी वेळ ती त्या बाईकडे बघत होती.

मग तिने माझ्यासमोर रिकामा हात पसरला. मला समजलं. माझ्या खिशात पाकिटात बायकोचा लग्नानंतरचा फोटो होता, तो मी दिला. तिने तो पदराने पुसला, दोन्ही फोटो मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर तळवा ठेवून एक शब्द म्हणाली. एकच. मग फोटो परत दिला.

त्या दिवशी माझ्याबरोबर नाकेदार नव्हता. मी तो शब्द पुटपुटत डोंगर उतरलो, विसरू नये म्हणून. पायथ्याला त्याच्या चौकीत जाऊन तो त्याला म्हणून दाखवला. त्याने पुन्हा म्हणायला लावला, मग पुन्हा.

"असा शब्द नाही त्यांच्यात," तो म्हणाला. "तू काहीतरी वेगळंच ऐकलंस."

मी आणखी दोन-तीन तऱ्हेने म्हणून बघितला. प्रत्येक वेळी तो निराळाच वाटत होता. नाकेदाराने चहा केला. आम्ही तो पिईपर्यंत शहाद्याला जाणारी एक बैलगाडी आली, आणि मी तिच्यात मागे, कापसाच्या गाठोड्यांना टेकून बसलो.